सागरी सेतू, सहा फुटी प्रिंट आणि अष्टमीची भरती : रात्रीच्या छायाचित्रणाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या छायाचित्रण गटातल्या एका सदस्य बाईंना गट 'ताई' म्हणतो, म्हणून इथेही त्यांना ताईच म्हणतो. नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्या. २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि हलका ट्रायपॉड, एवढं त्यांचं साहित्य. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा रात्रीचा एक फोटो त्यांनी वांद्रे रेक्लमेशनच्या (भराव टाकून केलेल्या) किनाऱ्यावरून काढला होता. मोबाइलवर तो खरोखर छान दिसायचा. तो पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं काम करणाऱ्या एका कार्यालयाने स्वागतकक्षाच्या भिंतीसाठी त्याची सहा फूट रुंद प्रिंट मागितली. दिवाळीच्या आधी भिंतीवर लागायला हवी होती. हातात साधारण सहा आठवडे होते.

मागणारे लोक पूल बांधणारे होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. सामान्य माणूस या फोटोत दिवे आणि समुद्र पाहतो. इंजिनिअर केबल पाहतो. वांद्र्याच्या बाजूच्या खाडीवर २५०-२५० मीटरचे दोन गाळे (आधारांमधले भाग) आहेत, ते १२८ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून केबलींनी तोललेले आहेत आणि डेकवर, म्हणजे रस्त्याच्या पाटावर, दर सहा मीटरला एक केबल उतरते. जून २००९ च्या अखेरीस सेतूचं उद्घाटन झालं. तेव्हापासून लाखो लोकांनी त्याचे फोटो काढले असतील, पण प्रत्येक केबल सुटी मोजता येईल असा रात्रीचा फोटो क्वचितच दिसतो. त्या कार्यालयाला नेमका तोच हवा होता.

अडचण

प्रिंट करणाऱ्याने पूर्ण छपाईआधी एक पट्टी काढून दिली, मनोऱ्याच्या भागाची, प्रत्यक्ष आकारात. हे त्याने स्वतःहून केलं म्हणून बरं. पट्टीत मनोऱ्याचा उजळलेला भाग कोऱ्या कागदासारखा पांढरा होता. आकाश डांबरासारखं काळं, केबली कुठे दिसतात कुठे विरतात, आणि पाण्याच्या काळोखात तीन-चार हिरवट ठिपके तरंगत होते. ताईंनी ते ठिपके बोटीचे दिवे समजले होते.

त्यांनी पट्टी आणि मूळ फाइल माझ्याकडे आणली आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ का?"

रात्रीच्या फोटोंबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा तो फार लवकर विचारला जातो. आधी फाइलमधली नोंद पाहिली : रात्री साडेआठ, १८ मिलिमीटर, एफ/४.५ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता), दोन सेकंद, जेपेग, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा तोल) ऑटो. मग गणित मांडलं. पूल फ्रेमच्या जेमतेम अर्ध्या रुंदीत होता. म्हणजे टोकांचे छोटे गाळे धरून केबलींच्या पुलाचा सुमारे ६०० मीटरचा भाग ३,००० पिक्सेलमध्ये बसलेला, एका पिक्सेलच्या वाट्याला २० सेंटिमीटर. इतक्या अंतरावरून एक केबल म्हणजे फार तर एक पिक्सेल. कॅमेरा केसभर हलला की तो पिक्सेल शेजारच्या काळोखात मिसळणार आणि केबल नाहीशी होणार. शिवाय ६,००० पिक्सेलची अख्खी फाइल ७२ इंचांवर ताणली की इंचाला ८३ पिक्सेल उरतात. मागे उभं राहून पाहायच्या पोस्टरला ते चालतं, पण स्वागतकक्षात माणूस भिंतीला नाक लावून बघतो, आणि तो माणूस इंजिनिअर असला की नक्कीच बघतो.

म्हणजे अडचण एक नव्हती. पिक्सेल कमी, कॅमेरा हललेला, वेळ चुकलेली आणि ठिपके, हे चार वेगळे आजार एकाच फोटोत होते. प्रत्येकाचं औषध वेगळं.

गच्चीवरची तपासणी

सेतूवर परत जाण्याआधी ताईंनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावला. समोर लांबवर एक उड्डाणपूल आणि त्याचे दिवे. अट अशी घातली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी सगळं जसं सेतूवर होतं तसं. मग लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून. मग लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद करून. मग ट्रायपॉडची मधली दांडी खाली करून.

फिल्टर काढताच हिरवे ठिपके गेले. त्यांचं कारण सोपं आहे. तेजस्वी दिव्याचा प्रकाश सेन्सरवरून थोडा परततो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि फ्रेमच्या केंद्राच्या बरोबर पलीकडच्या बाजूला उलटी प्रतिमा उमटवतो. फोटोवर प्रत्येक ठिपक्यापासून केंद्रातून रेघ ओढली की ती त्याच्या दिव्यावर जाऊन पोचते. ताईंनी आपल्या जुन्या फोटोवर मोजपट्टी ठेवून चारही ठिपके असे जुळवले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लेन्सला संरक्षण म्हणून फिल्टर लावतात हे खरं, पण रात्री दिव्यांसमोर तो काढायचाच आणि काच अधूनमधून मऊ कापडाने पुसायची.

स्टॅबिलायझेशन बंद केल्याने किंचित फरक पडला. मधली दांडी खाली केल्यावर मात्र चित्रच बदललं. दांडी वर असताना ट्रायपॉडचे तीन पाय असून नसल्यासारखे होतात, कॅमेरा एका काठीच्या टोकावर डोलत राहतो. गच्चीवरच्या साध्या वाऱ्यात ही गत, तर संध्याकाळी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात काय होत असेल! पाय उघडताना जाड भाग आधी आणि बारीक भाग शेवटी, जमलं तर उघडायचेच नाहीत, हेही इथेच ठरलं.

कॅमेऱ्यातला दोष या तपासणीत एकाही टप्प्यावर निघाला नाही.

पर्यायांचा विचार

पिक्सेलचा प्रश्न उरला. पहिला पर्याय होता जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा भाड्याने घेण्याचा. चांगला पर्याय, पण १८ मिलिमीटरनेच काढलं तर पूल अर्ध्या फ्रेममध्येच राहणार. दुसरा, आहे तीच फाइल सॉफ्टवेअरने मोठी करण्याचा. हल्लीची साधनं रिकाम्या जागा हुशारीने भरतात. मी त्याला स्पष्ट विरोध केला. सॉफ्टवेअर केबल 'कल्पून' काढतं, कधी दोनच्या तीन करतं, कधी मध्येच जोडून टाकतं. ज्यांनी असे पूल प्रत्यक्ष उभे केले आहेत त्यांच्या भिंतीवर खोटी केबल लावणं मला पटत नाही. तिसरा, ड्रोनचा. मुंबईत ड्रोनवर पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात, विमानतळही जवळ, आणि रात्री हवेत लटकलेल्या कॅमेऱ्याने काही सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं हे तसंही अवघड. तो पर्याय तिथेच सोडला.

चौथा पर्याय होता लांब लेन्सने पुलाचे उभे तुकडे टिपून जोडण्याचा. गटातल्या एकाकडे ८५ मिलिमीटरची लेन्स होती. कॅमेरा उभा धरला तर प्रत्येक तुकडा ४,००० पिक्सेल रुंद. शेजारच्या तुकड्याशी तीस टक्के भाग समाईक ठेवला तर पाच तुकड्यांचे मिळून सुमारे १५,२०० पिक्सेल होतात. सहा फुटांवर इंचाला २११. आणि एका पिक्सेलला २० ऐवजी चार-साडेचार सेंटिमीटर, म्हणजे केबलीला अंग आलं. खर्च शून्य. जोखीम एवढीच की पाच तुकडे टिपेपर्यंत प्रकाश बदलता कामा नये.

जागा बदलण्याचाही विचार झाला. वांद्रे किल्ल्यावरून सेतूमागे शहराचे दिवे येतात. फोटो भरलेला दिसतो, पण केबली त्या दिव्यांत हरवतात. वरळी कोळीवाड्याकडून वरळीचा छोटा मनोरा जवळ येतो, मोठा लांब जातो. रेक्लमेशनवरून पाहताना पुलाच्या मागे उघडा समुद्र आणि पश्चिमेचं आकाश असतं, मावळतीनंतर तिथेच प्रकाश सगळ्यात उशिरापर्यंत टिकतो. केबलीला मागून उजेडाची पाटी मिळते. शिवाय तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. महागडं साहित्य घेऊन एकट्या बाईने अंधारात उभं राहायचं असेल तर या गोष्टीला लेन्सइतकंच वजन द्यायला हवं. जागा तीच ठरली, आणि ताईंचा कॉलेजातला भाचा सोबत येणार हेही.

तारीख : कळीचा निर्णय

कार्यालयातल्या साहेबांची एक इच्छा होती : पुलावर पौर्णिमेचा चंद्र. कोजागरी जवळच होती. ताई हो म्हणून बसल्या होत्या. इथे मी त्यांना कालनिर्णय घेऊन बसायला सांगितलं.

पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, आणि तो उगवतो पूर्वेला. रेक्लमेशनवर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तर चंद्र आपल्या पाठीमागे. हे एक झालं. दुसरं पाण्याचं. कोकणात तिथीच्या पाऊणपट वेळेला पूर्ण भरती असा ठोकताळा आहे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या आसपास भरती असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि तीही उधाणाची, सगळ्यात खोल गेलेली. म्हणजे ज्या वेळी आकाश निळं आणि दिवे लागलेले, त्याच वेळी पुढ्यात चिखल आणि खडक. पुलाचं प्रतिबिंब हवं असेल तर पौर्णिमा आणि अमावास्या या दोन तिथी संध्याकाळसाठी बादच समजा.

उलट अष्टमीचं गणित पाहा. आठाची पाऊणपट सहा. नवमीची पावणेसात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुंबईत सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे मावळतो. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) भरती उधाणाइतकी उंच चढत नाही, पण पाण्याची ओढही कमी असते, आणि शांत पाण्यात प्रतिबिंब नीट उतरतं. ठोकताळा हा ठोकताळाच, म्हणून ताईंनी भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहिला. त्यात अष्टमीची वेळ अंदाजापेक्षा थोडी पुढे निघाली, मावळतीनंतरची, म्हणजे आणखी सोयीची. आश्विन वद्य अष्टमी ठरली. दिवाळीचा धूर हवेत भरायच्या आधीची, पाऊस नुकताच सरल्यावरची. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत थंडी असते म्हणून हवा स्वच्छ असेल असं अनेकांना वाटतं, पण तेव्हा धुरकं खाली बसतं आणि किलोमीटरभर पलीकडचा पूल फिका दिसतो.

साहेबांना ताईंनी चंद्र का नाही हे कागदावर दिशा काढून समजावलं. त्यांना ते एका मिनिटात पटलं.

घड्याळाचा निर्णयही इथेच झाला. साडेआठचं काळं आकाश टाळायचं होतं. युरोपातल्या छायाचित्रकारांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे अनेकांना वाटतं की ब्लू अवर (मावळतीनंतरचा गडद निळ्या आकाशाचा काळ) म्हणजे तासभर निवांत वेळ. लंडनमध्ये जून महिन्यात नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा उजेड) पाऊण तासाच्या वर रेंगाळतो. मुंबई एकोणीस अंशांवर आहे, इथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि नागरी संधिप्रकाश बावीस-तेवीस मिनिटांत संपतो. पुलाचे दिवे आणि आकाश यांचा समतोल साधतो तो त्या शेवटच्या मिनिटांपासून पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत. वेळ एवढाच.

प्रत्यक्ष कृती

ताई मावळतीच्या बऱ्याच आधी पोचल्या. घरातून निघताना कॅमेऱ्याची पिशवी एसीत ठेवली नव्हती, कारण थंड लेन्स दमट हवेत आली की काचेवर बाष्प धरतं आणि ते जाईपर्यंत आकाश काळं होतं. फोटो व्यावसायिक कामाचा होता, म्हणून तिथे काढायला हरकत नाही ना हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं आणि कार्यालयाचं पत्र पिशवीत होतं. ट्रायपॉड दिसल्यावर सुरक्षारक्षक आलाच. पत्र पाहून गेला. मोजक्या मिनिटांच्या कामात असा खोळंबा परवडत नाही.

ट्रायपॉड बुटका ठेवला, मधली दांडी पूर्ण खाली. भाच्याने पिशवी ट्रायपॉडच्या हुकाला लटकवली, पण पट्टा इतका आखूड की पिशवीचा तळ जमिनीला टेकलेला. हवेत लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि स्थिर करण्याऐवजी हलवते. भाचा स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. "मावशी, माझा आडोसा पुरतोय का?" त्याचा हा उपयोग कुठल्याही उपकरणाहून मोठा होता.

ट्रायपॉडचा पाया पातळीत आणला, नुसतं डोकं नाही. पाया तिरका असेल तर कॅमेरा फिरवताना क्षितिज चढत किंवा उतरत जातं आणि जोडताना वरखाली बरीच कापाकापी होते. फोकस उजेडातच केला : लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चालू दृश्य) दहा पटींनी मोठा करून मनोऱ्याच्या कडेवर. मग लेन्स मॅन्युअलवर टाकून रिंगला कागदी चिकटपट्टी. एफ/८, कारण ती लेन्स तिथे सर्वांत कणखर. एफ/१६ ला दिव्यांचे तारे फुटतात, ते बघायला आवडतात, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) बारीक रेषा मऊ होतात. इथे पुन्हा केबली की तारे असा प्रश्न होता, आणि उत्तर आधीच ठरलेलं होतं. आयएसओ १००, रॉ फाइल (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती), व्हाइट बॅलन्स ४,००० केल्विनवर पक्का. ऑटो ठेवला असता तर पाच तुकड्यांना पाच रंग आले असते. लांब एक्स्पोजरनंतर कॅमेरा जी स्वतःची नॉइज (दाणेदार ठिपके) कमी करतो ती सुविधा बंद, कारण ती प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ खाते. शटरला हात लावायचा नाही, रिमोट.

एक्स्पोजर मनोऱ्याच्या सर्वांत उजळ भागावरून ठरवलं. तो भाग पडद्यावर लुकलुकायला लागला (जास्त उजेडाचा कॅमेऱ्याचा इशारा) की वेळ कमी करायची. सावली रॉ फाइलमधून वर काढता येते, जळालेला पांढरा भाग मात्र परत येत नाही. सुरुवातीला दोन सेकंद पुरले, पुढे चार, शेवटी आठ. नियम असा की एका संचाचे पाचही तुकडे एकाच एक्स्पोजरवर, डावीकडून उजवीकडे, न थांबता. एक संच मिनिटाभरात संपायचा. मग आकाशाकडे पाहून वेळ वाढवायची आणि पुन्हा डावीकडून. पुढ्यात जवळचा खडक किंवा कठडा फ्रेममध्ये नव्हता, म्हणून साध्या बॉल-हेडवर काम भागलं. तसं काही असतं तर लेन्स फिरण्याचा बिंदू सांभाळणारं वेगळं डोकं लागलं असतं.

परिणाम

नागरी संधिप्रकाश संपता संपता टिपलेला, चार सेकंदांचा संच सर्वांत चांगला निघाला. आकाश गडद निळं, क्षितिजाशी तांबूस पट्टा, मनोऱ्याचा काँक्रीटचा पोत दिसतोय आणि केबली सुट्या. पाणी चार सेकंदांत गुळगुळीत होऊन दिव्यांच्या उभ्या रेघा उतरल्या होत्या. जोडणीत एकाच जागी त्रास झाला. एक मासेमारी होडी चौथ्या तुकड्यात होती आणि पाचव्यात पुढे सरकली होती, त्यामुळे जोडावर अर्धी होडी दिसत होती. ताईंनी जोडाची रेघ हाताने सरकवून ती पूर्ण होडी चौथ्या तुकड्यातली ठेवली.

या वेळी छपाईची पट्टी आधी मागून घेतली, दोन ठिकाणची : मनोऱ्याचा माथा आणि आकाशाचा सर्वांत गडद कोपरा. पहिली पट्टी काळपट आली, कारण ताई पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून संपादन करत होत्या. उजेड कमी करून फाइल थोडी उचलली, दुसरी पट्टी बरोबर आली. कार्यालयातून एकाने आकाश आणखी निळं करायला सांगितलं होतं. ताईंनी वाद न घालता दोन्ही प्रकारच्या पट्ट्या समोर ठेवल्या. जास्त निळ्या पट्टीत केबलींभोवती निळसर किनार दिसत होती. साहेबांनीच साधी पट्टी निवडली आणि मग खिशातून पेन काढून त्याच्या टोकाने केबली मोजायला सुरुवात केली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, प्रिंटचा आकार. फोटो मागितला गेला त्या दिवशीच पिक्सेलचा भागाकार करून पाहिला असता तर पट्टी छापून निराश होण्याची वेळ आली नसती. आता ताई कुठल्याही मागणीला हो म्हणण्याआधी इंच विचारतात.

८५ ऐवजी १३५ मिलिमीटरची लेन्स आणि दोन ओळींत तुकडे, हाही मार्ग होता. केबली आणखी स्पष्ट आल्या असत्या. पण तुकडे दहाच्या पुढे गेले असते आणि आपल्या आखूड संधिप्रकाशात एक संच पूर्ण होईपर्यंत आकाशाचा रंग उतरला असता. माझ्या मते सहा फुटांसाठी पाच तुकडे हा बरोबर निर्णय होता. बारा फुटांची भिंत असती तर मी भाड्याच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याकडे वळलो असतो.

एकाच संध्याकाळवर सगळा भार टाकला, हे मात्र धोक्याचं होतं. ढग आले असते, पुलावर दुरुस्तीसाठी दिवे बंद असते, तर पुढची योग्य भरती पंधरवड्याने, कार्तिक शुद्ध अष्टमीच्या आसपास, म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर. भाद्रपद वद्य अष्टमीला, पितृपक्षात, एक रंगीत तालीम करून ठेवता आली असती. पाऊस नसता तर तीच कामालाही आली असती.

आणि साहेबांचा चंद्र. तो अशक्य नाही, फक्त संध्याकाळचा नाही. पौर्णिमेच्या रात्रीनंतरच्या पहाटे चंद्र पश्चिमेला मावळतो, म्हणजे रेक्लमेशनवरून पाहताना पुलाच्याच बाजूला. ओहोटी तेव्हाही असणार, त्यामुळे प्रतिबिंब सोडून द्यावं लागेल आणि फ्रेम वर उचलून फक्त मनोरा, केबली आणि चंद्र धरावा लागेल. चंद्र सरकतो म्हणून एक्स्पोजर एक-दोन सेकंदांच्या आत, आयएसओ थोडा चढवून. दिशा ऋतूप्रमाणे बदलते : हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र वायव्येकडे झुकून मावळतो, उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडे, त्यामुळे मनोऱ्यामागे तो नेमका कुठल्या महिन्यात येईल ते नकाशावर रेघ ओढून काढावं लागेल. पुलाची रोषणाई पहाटेपर्यंत चालू असतेच असं धरून चालू नये, आधी एकदा जाऊन पाहावं. ताईंनी नकाशा काढून ठेवला आहे आणि भाच्याला पहाटे उठवायचं कसं याचा विचार चालू आहे.